हिरव्या टेस्टचा संशय

"सगळं हिरवं आहे वैशाली, आता काय पत्रिका जुळवून बघायचीय?" माझ्या खुर्चीमागे उभे राहून पराग सर म्हणाले. सर आमचे मॅनेजर. त्यांना रिलीज उरकायचा होता.

कल्याणच्या एका बालरोगतज्ज्ञांना त्या संध्याकाळी आमचं सॉफ्टवेअर द्यायचं होतं. मुलाचं वजन टाकलं की तापाच्या सिरपचा डोस स्क्रीनवर येणार, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दवाखान्यात तो बघूनच औषध लिहिलं जाणार. बाळकुमच्या ऑफिसात ते तपासायचं काम माझ्या टीमकडे होतं.

आमच्याकडे तपासणीही प्रोग्रामच करतो. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोट्या टेस्ट लिहायच्या. अमुक आकडा दिला तर तमुक उत्तर यायला हवं. आलं तर हिरवं, नाहीतर लाल. या टेस्ट रोहिणीने लिहिल्या होत्या. इतकी वर्षं ती एकेक बटण स्वतः दाबून तपासायची, पायथॉन नुकतंच शिकली होती. आणि पहिल्याच रनला सगळं हिरवं.

मला तेच खटकलं. माझा स्वभावच संशयी. गॅस बंद केला का, ते बघायला मी जिन्यातून परत जाते. पहिल्या फटक्यात सगळं हिरवं झालेलं मी कधी पाहिलेलं नाही.

"रोहिणी, मी जरा कोड बिघडवून बघते, टेस्ट लाल होतात का."

"का गं? डाऊट आहे माझ्यावर?"

"टेस्टवर आहे."

"एकच ना ते," ती तोंड फुगवून म्हणाली.

डॉक्टरांचा नियम सोपा होता. दर किलोला अर्धा मिली, पण मूल कितीही वजनदार असो, एका वेळी दहा मिलीच्या वर नाही. मी कोडमध्ये अर्ध्याच्या जागी मुद्दाम पाच टाकले. डोस एकदम दहापट. टेस्ट चालवल्या. सगळं हिरवं!

मी टेस्ट उघडून वाचली. अपेक्षित उत्तर म्हणून तिथे आकडाच नव्हता. आमचंच डोस काढणारं फंक्शन परत बोलावलेलं. पोराने पेपर लिहायचा आणि त्यानेच तो तपासायचा, असला प्रकार.

"असं का केलंस?"

"अगं, उद्या नियम बदलला तर सगळ्या टेस्ट परत कोण लिहिणार? तेच तेच दोनदा लिहू नका, असं शिकवलेलं ना आपल्याला."

शिकवलेलं खरं. कोड लिहिताना ती सवय चांगलीच. टेस्टमध्ये मात्र तीच घात करते, कारण तिथे उत्तर बाहेरून यावं लागतं.

मी कोड होता तसा केला. रोहिणीने डॉक्टरांच्या नियमावरून स्वतः हिशेब करून उत्तरं टाकली. दहा किलोला पाच मिली, चोवीस किलोला दहा मिली. पहिली टेस्ट हिरवी. दुसरी लाल.

कोड बारा म्हणत होता. दहाच्या वर जायचं नाही, ही अट कोडमध्ये कुणी घातलीच नव्हती.

"माझा ओम चोवीस किलोचाच आहे गं," रोहिणी म्हणाली.

पराग सरांनी फोन उचलला आणि डॉक्टरांना सांगितलं, आज देत नाही.

आता आमच्याकडे नियमच आहे. टेस्ट आधी लाल करून दाखवायची, मगच तिचं हिरवं मान्य. रोहिणी तो माझ्या टेस्टनाही लावते. मला दर वेळी राग येतो, आणि दर वेळी मी तिला बिघडवू देते.