हितेशचा प्रोग्रॅम

चार जण रोज एका खोलीत बसले की किस्से आपोआप साठतात. नंदुरबारच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तर प्रोग्रॅम कमी चालले आणि किस्सेच जास्त झाले! माझ्या प्रत्येक किश्शात तो कळसाडीचा हितेश घुसलेला आहे, त्याला माझा इलाज नाही.

सरांनी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं, "या बॅचमधल्या एकाला मी लॅब असिस्टंट म्हणून ठेवणार." मी रनाळ्याला घरी सांगितलं, आईने ते गल्लीभर केलं. म्हणजे जागा मलाच मिळायला हवी होती. नाहीतर तोंड कुठे दाखवणार?

*

पहिला धडा असा, की एक ओळ टाईप करायची आणि प्रोग्रॅमने त्यातलं एकेक अक्षर ओळखायचं. हा स्वर, हे व्यंजन, हा आकडा, ही मोकळी जागा.

मी लिहिलं, अक्षर 'ए' असेल किंवा 'ई' किंवा 'आय', तर स्वर. पण लिहायची पद्धत चुकली आणि कॉम्प्युटरला वाटलं, काहीही असलं तरी चालेल. मी माझं नाव टाकलं, सगळे स्वर. गावाचं नाव टाकलं, सगळे स्वर. पूर्णविराम टाकला, तोही स्वर!

सर म्हणाले, "रवी, तुझ्याकडे कुणी नापासच होत नाही रे!"

मी चूक शोधतोय तोवर हितेशने मागून हात घालून माझ्याच कीबोर्डवर दुरुस्ती केली. वर म्हणतो, "व्हयी गयं, भो!" झालं म्हणे! मी त्याला बोलावलं होतं का?

*

अक्कलकुव्याच्या भारतीताई आमच्यात वयाने मोठ्या. त्यांनी प्रोग्रॅमला सांगितलं, स्वर नसेल ते व्यंजन. मग स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. प्रोग्रॅमने अख्खा नंबर व्यंजनांत घातला!

ताई गंभीरपणे म्हणाल्या, "सर, आता माझा नंबर वाचायचा कसा?"

सगळा क्लास हसला. मी समजवायला खुर्ची सरकवली, तर ताई म्हणतात कशा, "थांब रवी, हितेश सरांना विचारते."

हितेश सर! आमच्याच बॅचचा, आमच्याइतकीच फी भरणारा पोरगा, आणि सर? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

हितेशची घरची पपईची बाग. तो अधूनमधून मोटारसायकलवर पपया बांधून आणायचा. सर एकेक फोड खात म्हणायचे, "वा, साखर आहे!"

मी काय कमी आहे? मीही घरून वाळलेल्या लाल मिरचीची पिशवी आणली आणि सरांच्या टेबलावर पंख्याखाली उघडली. क्षणात सगळी लॅब शिंकायला लागली. भारतीताई पदर नाकाला लावून बाहेर पळाल्या.

सर डोळे पुसत ओरडले, "रवी, हे इनपुट आधी बाहेर ने!"

*

एकदा सरांनी मराठीत 'नंदुरबार' टाकायला सांगितलं. प्रोग्रॅम म्हणाला, पाच अक्षरं आणि तीन 'इतर'. अनुस्वार, उकार, काना, सगळे 'इतर'मध्ये!

मी म्हणालो, "सर, आपलं गाव निम्मं इतर मा शे!" काय हशा पिकला! वाटलं, आज आपला दिवस.

तेवढ्यात हितेशने शांतपणे एकेक चिन्ह वेगळं छापून दाखवलं, की कॉम्प्युटर काना, उकार वेगळे धरतो. सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. हात माझेच, पण जळत होतो मी आतून.

*

शेवटी परीक्षा आली. सर टाईप करतील त्या ओळीतली अक्षरं, आकडे, मोकळ्या जागा मोजून दाखवायच्या. ज्याचा प्रोग्रॅम अडणार नाही त्याला नोकरी.

हितेशने हौसेने प्रत्येक प्रकाराची टक्केवारीही काढली होती. रंगीत, रांगेत, देखणी! माझ्याकडे नुसते आकडे. ते बघून माझं तोंड कडू झालं. सरांनी पत्ता टाकला, बाकीच्यांचे प्रोग्रॅम तिथेच अडले, आम्हा दोघांचं बरोबर. गाडीचा नंबर टाकला, दोघांचं बरोबर.

मग सरांनी काहीच टाईप न करता नुसतं एंटर दाबलं.

माझा प्रोग्रॅम म्हणाला, सगळं शून्य. हितेशचा टक्केवारी काढायला शून्याने भागायला गेला आणि लाल एरर दाखवून बंद पडला!

हितेश माझ्या पाठीवर थाप मारून हसला, "तुनं बरं शे भो, तुले जमनं नही म्हणीसन वाचना!" मला टक्केवारी जमली नाही म्हणून मी वाचलो म्हणे! आणि उभ्या उभ्या एक ओळ घालून त्याने आपला प्रोग्रॅम दुरुस्त केला.

नोकरी मला मिळाली. आईने गल्लीत पेढे वाटले.

*

नवी बॅच सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "रवी, शिकवायला हितेशचा प्रोग्रॅम घे. तो जास्त चांगला आहे."

पहिल्या तासाला मी तो पडद्यावर चालवला. रंगीत आकडे आले, टक्केवारी आली, रिकाम्या ओळीलाही तो अडला नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी बघतच राहिली.

"सर, किती भारी लिहिलंय हो तुम्ही!"

मी म्हणालो, "थँक्यू."