कापितोलिनाची जीभ

झारुचये गावात शंकेची अळंबी कापितोलिना येगोरोव्नाच्या जिभेवरून गेल्याशिवाय पातेल्यात पडायची नाही. सहकारी संघाच्या अळंबी-खरेदीच्या शेडमध्ये तीस वर्षं माल तपासायला तीच बसायची. बायका टोपल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. कापितोलिना अळंबी उलटी करायची, टोपीच्या पोटाखालून जिभेचं टोक फिरवायची आणि म्हणायची, "गोड." नाहीतर थुंकायची. ती थुंकली की अळंबी मागच्या दाराबाहेर, मग कुणी कितीही गयावया करो.

सगळा घोळ एकाच जोडीचा. भूर्जाच्या जंगलात सगळ्यांत मान 'पांढरी' म्हणतात त्या अळंबीला. जाड देठाची, तपकिरी टोपीची, उकळत्या पाण्यात पडली की घरभर वास सोडणारी. आणि तिच्या शेजारीच, तशीच टोपी घालून, साळसूदपणे उभी असते ती कडवी. कडवीने माणूस मरत नाही, पण एक जरी चुकून पडली तर अख्खं पातेलं कडूजहर. देठावरची जाळी पांढुरकी असली तर पांढरी, काळपट असली तर कडवी. वय झालं की कडवी पोटाखाली गुलाबी पडते, पण कोवळेपणी दोघी सारख्याच गोजिरवाण्या. कडवीला किडेसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून फार नितळ दिसणाऱ्या अळंबीचा कापितोलिनाला आधीच संशय यायचा. माणसांबद्दलही तिचं हेच मत होतं. जी अळंबी खरी विषारी, तिला मात्र जीभ लावायचीच नाही. तिच्या देठाच्या मुळाशी पिशवी असते आणि ती बोटांना कळते.

शेड बंद पडली. नवरा गेरासिम गेला. मुलगी दूर मूर्मान्स्क शहरात, तिचा फोन रविवारी. उन्हाळ्यात शहरातली माणसं येऊन जायची, पण सप्टेंबर लागला की गावात तीनच धुराडी धुरायची. त्यात झारुचयेची रीत अशी, की काम असल्याशिवाय कुणी कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही. नुसतं बसायला जाणारी बाई म्हणजे रिकामटेकडी. कापितोलिनाकडे काम एकच, तिची जीभ. अळंबीच्या दिवसांत दार वाजायचं आणि बाकीचं वर्ष ते वाजल्याच्या आठवणीवर काढावं लागायचं.

यायची ती बहुतेक रुफिना मात्वेयेव्ना, पलीकडच्या घरातली. या दोघींचं एकेकाळी विळ्याभोपळ्याचं सख्य. कापितोलिनाने एकदा भर रांगेत रुफिनाची भरलेली टोपली उलटी करून म्हटलं होतं, "डुकरांना घाल." त्यावर रुफिना वीस वर्षं बोलली नाही. गेरासिम गेला त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मात्र ती टोपली घेऊन दारात उभी राहिली. "बघ गं, येगोरोव्ना. मला मेलीला काही कळत नाही." तेव्हापासून अकरा वर्षं, अळंबीच्या दिवसांत दर आठवड्याला, हेच वाक्य.

आणि यंदा वसंतात कापितोलिनाला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, जाताना जिभेची चव घेऊन गेला. आधी तिला वाटलं, मीठच जुनं झालंय. मग तिने चमचाभर मीठ कोरडंच तोंडात टाकलं आणि ते वाळूसारखं चघळत राहिली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होताच, देठावरची जाळी काळी की पांढरी ते खिडकीपाशी नेऊनही दिसेना. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? जीभ गेल्याचं कळलं तर दार कशाला वाजेल?

यंदा अळंबी उशिरा उगवली; सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुफिना आली. मुलगा आणि सून येणार होते, म्हणून टोपली मोठी होती. कापितोलिनाने नेहमीसारखं डोळे मिटून टोपीखालून जीभ फिरवली आणि म्हणाली, "गोड." पुढचीही गोड. सगळ्याच गोड.

दुसऱ्या दिवशी रुफिना वाडगं घेऊन आली आणि ते टेबलावर आदळलं.

"हे घे. कालच्या अळंब्यांचं सूप. तूच पास केलेल्या ना? खा आता, माझ्यासमोर बसून खा."

कापितोलिनाने चमचा तोंडात घातला. सूप गरम होतं, बटाटा मऊ होता, एवढंच तिला कळलं. रुफिना कमरेवर हात ठेवून बघत होती.

"वा!" कापितोलिना म्हणाली. "मीठ अगदी बेताचं. पांढरीची चव काही लपत नाही बाई."

"आणखी खा."

तिने आणखी खाल्लं. रुफिनाचे हात हळूहळू कमरेवरून खाली आले.

"पुरे गं, येगोरोव्ना. राहू दे उरलेलं. पोटाला जड पडेल."

"पुरे काय? इतकं छान झालंय!" कापितोलिनाने पावाच्या तुकड्याने वाडग्याचा तळ पुसून काढला. "मुलगा काय म्हणाला?"

"तो ना?" रुफिना खिडकीकडे बघायला लागली. "त्याने दोनदा घेतलं." आणि वाडगं तिथेच विसरून ती निघून गेली.

रात्रभर पोट गुडगुडलं, पण कापितोलिना खूश होती. गुपित राहिलं होतं.

त्यानंतर रुफिना आठवड्याला यायची ती एक दिवसाआड यायला लागली. "यंदा कडव्या कमीच आहेत म्हणायच्या," कापितोलिना एकदा म्हणाली. कारण रुफिनाच्या टोपलीत किडक्या अळंब्याच जास्त दिसायच्या, फार नितळ अशी एकही नसायची. "कमीच," रुफिना म्हणाली.

वाडगं रिकामं परत करायची पद्धत नाही. म्हणून महिनाअखेरीस कापितोलिनाने रानातल्या लाल बोरांचा गोड पाव भाजला, साखर चमच्याने मोजून घातली, तो वाडग्यात ठेवून शालीखाली घेतला आणि पलीकडे निघाली. कुंपणापाशी पोचली आणि थांबली.

रुफिना पायरीवर एका कुशीला वळून, मान खाली घालून बसली होती. गुडघ्यांमध्ये टोपली. एक अळंबी उचलायची, उलटी करायची, जिभेचं टोक फिरवायची. थू! शालीच्या टोकाने जीभ पुसायची आणि अळंबी कुंपणापलीकडे फेकायची. तिथे खाजकुइलीच्या झुडपांत ढीग पडला होता. गुलाबी पोटांचा, इतक्या जवळून मोतीबिंदूतूनही दिसेल एवढा गुलाबी. त्याच्या कडेला सूपमधले सुकलेले बटाटे आणि गाजराच्या फोडी, पातेलंभर. कुत्र्यानेही त्यांना तोंड लावलं नव्हतं.

कापितोलिनाला आधी लाज वाटली, कानांपर्यंत तापली ती. मग राग आला. ही कोण माझ्यावर दया करणारी? पुढे होऊन चार शब्द सुनवावेत म्हणून तिने पाऊलही उचललं. तेवढ्यात रुफिनाने आणखी एक अळंबी जिभेखालून काढली, न बघता, सहज, आणि कापितोलिना बघतच राहिली. ही काल-परवा शिकलेली जीभ नव्हती. शेडमधल्या तीस वर्षांत अशा सराईत जिभा तिने दोन-तीनच पाहिल्या होत्या. हिला सगळं कळत होतं. अकरा वर्षं कळत होतं, आणि तरी कापितोलिनाने थुंकाव्यात म्हणून कडव्या टोपलीत तशाच ठेवून ती आणत होती.

आता बोललं, तर उद्यापासून टोपली बंद. पहिलं दव गोठायला आठवडाही उरला नव्हता. त्यानंतर सात महिने बर्फ. कापितोलिना तशीच मागच्या वाटेने घरी परतली. पाव अजून शालीखाली गरम होता.

थोड्या वेळाने दार वाजलं.

"आहेस का घरात, येगोरोव्ना? बघ गं जरा. मला मेलीला काही कळत नाही."

"ठेव तिथे. नि बस."

तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. पहिली अळंबी उचलली, अंगठ्याच्या नखाने देठाला तपासल्याची खूण केली, जीभ फिरवली. "गोड." दुसरी. तिसरी. एरवी पाच मिनिटांचं काम. आज तिने लालटोपी अळंब्यांनासुद्धा जीभ लावली.

"लालटोपीला कशाला चाटतेस? ती कधी कडू निघालीय का?"

"तुला जास्त कळतं, का मला?"

रुफिनाने मान खाली घातली. "तुला गं बाई. तुलाच."

चहाचं पाणी उकळलं. गोड पाव कापला. बाहेर भूर्जांवर पानं उरली नव्हती. टोपली रिकामी झाली, सगळा माल वर्तमानपत्रावर गेला, दोघींचे पेले दुसऱ्यांदा भरून संपले. आता उठायला हवं होतं. रुफिनाने शाल सावरली, रिकाम्या टोपलीकडे बघितलं, मग ढिगात हात घालून एक अळंबी काढली आणि कापितोलिनापुढे धरली.

"ही राहिली वाटतं."

देठावर नखाची खूण होती. कापितोलिनाने तिच्यावरून बोट फिरवलं.

"हो की," ती म्हणाली. "राहिलीच होती." आणि डोळे मिटून तिने टोपीखाली जीभ लावली.