शैलजाताईंचा सल्ला

शैलजाताई आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या तो २००१ सालचा नोव्हेंबर. अमेरिकेत, आमच्या सनीव्हेलमध्ये, तेव्हा रोज कुणाची ना कुणाची नोकरी जात होती. लोक गाड्या आणि सोफे विकून भारतात परत चालले होते, आणि हे दोघं नेमके तेव्हाच चार बॅगा घेऊन आले. नवरा हेमचंद्र कुंभोजकर, चिप टेस्टिंगमधला माणूस, कमी बोलणारा. ताई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या. मिरजेला नर्सिंग शिकलेल्या आणि नंतर सोळा वर्षं सांगली जिल्ह्यात सरकारी आरोग्य केंद्रात सिस्टर. लूनावरून गावोगाव फिरून त्यांनी लसी टोचल्या होत्या, बाळंतपणं केली होती, क्षयाच्या गोळ्या समोर बसून गिळायला लावल्या होत्या. इथे त्या नवऱ्याच्या व्हिसावर. म्हणजे नोकरी करायला बंदी.

मी खालच्या मजल्यावर एकटी राहायची, सॉफ्टवेअरमध्ये होते. पहिले काही महिने मी ऑफिसातून आले की ताई जिन्यात उभ्या दिसायच्या. "काही नाही गं, जरा माणसं बघते," म्हणायच्या. माणसं कुठली, पार्किंग लॉटच दिसायचा तिथून.

२००२च्या उन्हाळ्यात लायब्ररीत त्यांना एक नोटीस दिसली. एका नर्सिंग कॉलेजातल्या प्राध्यापिका, डॉ. हेलन ब्रँट, इथल्या इंडोनेशियन कुटुंबांमधल्या नेहमीच्या आजारांवर संशोधन करत होत्या. ब्लडप्रेशर, मधुमेह, जुना खोकला, अॅसिडिटी. महिन्यातून दोनदा शनिवारी सॅन होजेमधल्या एका हॉलमध्ये तपासणी. बीपी घ्यायला आणि फॉर्म भरायला बिनपगारी मदतनीस हवे होते.

"बिनपगारी चालतं ना व्हिसाला?" ताईंनी मला तीनदा विचारलं. चालत होतं. त्यांना ड्राइव्ह करता येत नव्हतं, म्हणून मी सोडायला जायला लागले आणि मग तिथेच खुर्च्या मांडायला, चहा करायला थांबायला लागले.

तिथे मला ताई पहिल्यांदा खऱ्या दिसल्या. दंडाला पट्टा गुंडाळायची त्यांची एक पद्धत होती. आधी माणसाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायच्या, गार आहे का बघायच्या, मग बाही वर करायच्या. त्यांचं इंग्रजी मोडकं, समोरच्यांचंही मोडकं, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नव्हती. शिवाय डोकं दुखतंय याला ती माणसं 'साकित कपाला' म्हणायची. "अगं, कपाळच की!" ताई हरखून गेल्या. उपवासाला पुआसा, भाषेला बहासा. एक वही केली त्यांनी अशा शब्दांची.

फॉर्मवर आजारांची यादी छापलेली होती, पण बायका येऊन सांगायच्या, मासुक आंगिन झालंय. म्हणजे अंगात वारा शिरलाय. पाठीला तेल लावून नाण्याने खरवडलेल्या लाल रेघा दाखवायच्या. बरोबरच्या अमेरिकन विद्यार्थिनींना तो मारहाणीचा प्रकार वाटला होता. ताईंनी डॉ. ब्रँटना सांगितलं, "मॅडम, हा त्यांचा आजार आहे. याला फॉर्मवर जागा द्या, नाहीतर ही माणसं पुढचं काही सांगणारच नाहीत." डॉ. ब्रँटनी पुढच्या खेपेला नवा रकाना छापून आणला. त्यानंतर माणसं खरंच मोकळी बोलायला लागली. वर्षअखेरीला एकशेबारा नावं झाली होती.

त्यातलं एक नाव रुमियाती. सेमारांग शहरातली, सत्तेचाळीस वर्षांची, ठेंगणी, एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. पहिल्या दिवशी तिचं बीपी एकशेशहाण्णव-एकशेबारा निघालं. ताईंनी दुसऱ्या हाताला घेतलं, दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं. तेवढंच.

"औषध घेता?"

"वारा शिरलाय फक्त," रुमियाती हसली. "आणि मानेत जड वाटतं."

मोफत दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. तिची आणि तिचा नवरा दारसोनो याची व्हिसाची मुदत केव्हाच संपली होती. दोन मुलं तिकडे आजीजवळ शिकत होती, आणि ही दोघं सहा वर्षं कुणाच्या नजरेत न येता राबत होती. नाव-पत्ता लिहायचा म्हटलं की ती पेन खाली ठेवायची. ताई तिला म्हणाल्या, "मी सोळा वर्षं कागद भरलेत. आजाराचा कागद माणसाला वाचवायला असतो. मी येते बरोबर."

आणि गेल्या. एकदा नाही, दर महिन्याला. मी गाडी चालवायची, त्या दोघी मागे बसायच्या. रुमियाती त्यांना 'सुस्तेर' म्हणायची, त्यांच्याकडे नर्सला तोच शब्द. खारवलेली मासळी आणि कोळंबीचा खारट मसाला कमी करायचा यावर दोघींची दर खेपेला भांडणं. "आमच्या कोकणातल्या बायका सुक्या मासळीसाठी अशाच भांडतात," ताई मला मराठीत सांगायच्या, आणि रुमियाती न कळताही हसायची. डिसेंबरात तिचं बीपी एकशेअडतीस-शहाऐंशी आलं. ताईंनी त्या दिवशी घरी शिरा केला, मला वर बोलावून खाऊ घातला.

२००३च्या जानेवारीत तो नियम निघाला. काही देशांच्या, बहुतेक मुस्लिम देशांच्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं, फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे. त्यात इंडोनेशियाही होता. न जाणाऱ्यावर कारवाई. हॉलमध्ये त्या शनिवारी बीपी कुणालाच नको होतं. सगळे एकमेकांना विचारत होते, जायचं की नाही?

दारसोनो ताईंच्या टेबलाशी येऊन बसला. फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवणारा, हडकुळा, डोक्यावर काळी टोपी. म्हणाला, "सुस्तेर, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही सांगा."

मी शेजारी होते. मला वाटलं, ताई म्हणतील वकिलाला विचारा. त्या म्हणाल्या, "जा. स्वतःहून गेलेल्याला सरकार वेगळं वागवतं. लपून बसलात तर गुन्हेगार ठराल. खरं ते सांगा." मग रुमियातीकडे बघून म्हणाल्या, "दवाखान्याला पण घाबरलीच होतीस ना?"

घरी हेमचंद्रराव चिडले. "शैला, हे तुझं आरोग्य केंद्र नाही. आपणच इथे कच्च्या पायावर आहोत, तू लोकांना कसले सल्ले देतेस?"

"अहो, मग कुणी द्यायचे?" ताई म्हणाल्या.

मार्चमध्ये दारसोनो इस्त्रीचा शर्ट घालून, पगाराच्या पावत्यांची फाइल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्या दिवशी तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तो कोर्टाची तारीख घेऊन. वकील मिळाला, तारखा पडल्या, आणि २००४च्या फेब्रुवारीत त्याला देश सोडावा लागला. रुमियाती थांबली. बायकांना नोंदणी नव्हती, आणि मुलांचं शिक्षण अर्ध्यावर होतं.

तोवर हॉल जवळपास रिकामा झाला होता. तपासणीच्या फॉर्मवरूनच सरकारला नावं कळली असं कुणीतरी बोललं होतं. ते खरं नव्हतं. डॉ. ब्रँटनी फॉर्म ठेवलेलं कुलूपबंद कपाट आणि त्याच्या किल्ल्या दाखवल्या, इंडोनेशियन भाषेत पत्रकं वाटली. काही उपयोग झाला नाही. एकशेबारातले एकतीस उरले.

रुमियाती त्यांत नव्हती. दवाखान्यातही जात नव्हती, कारण तिथे दर वेळी सही करावी लागे. ताई तिच्या घरी गेल्या. मी गाडीजवळ उभी होते, दार दिसत होतं. दार उघडलं नाही. आतून ती फक्त म्हणाली, "कागद नको, सुस्तेर."

"कागद नाही आणला गं. गोळ्या आणल्यात. दार उघड."

"नको."

ताईंनी गोळ्यांची पिशवी दाराच्या मुठीला अडकवली. दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा ती तशीच लटकत होती.

सप्टेंबरात हॉस्पिटलातून ताईंना फोन आला. लाँड्रीत घड्या घालता घालता रुमियाती कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. तिच्या पर्समध्ये ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं कार्ड सापडलं, औषधांची नावं आणि खाली 'काही झालं तर यांना फोन करा'. दार उघडत नव्हती, पण कार्ड तिने टाकलं नव्हतं.

ती जगली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ताई रोज बसने जायच्या, दोन बस बदलून. तिला कूस बदलून द्यायच्या, केस विंचरायच्या, चमच्याने पातळ भात भरवायच्या. तिथल्या नर्सेसनी आधी आक्षेप घेतला, मग त्यांचे हात बघून गप्प बसल्या.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी बरोबर गेले होते. ताईंनी तिचं तोंड पुसलं, रुमाल घडी करून ठेवला आणि एकदम म्हणाल्या, "रुमियाती, मी त्याला जा म्हणून सांगितलं. मला माहीत नव्हतं तरी सांगितलं. माझं चुकलं." इंग्रजीत, तिला समजेल अशा छोट्या छोट्या वाक्यांत. रुमियाती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला समजत होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. मग तिने डोळे मिटले. ताईंनी तिचा चांगला, डावा हात धरला होता. तो हात तिने सोडवून घेतला नाही आणि दाबलाही नाही.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "ताई, वकीलही जा म्हणूनच सांगत होते. जे गेले नाहीत त्यांनाही पुढे पकडलंच ना?"

"वकिलांना त्याने विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला विचारलं होतं. आणि मी का सांगितलं ठाऊक आहे? इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला सिस्टर म्हणून विचारत होतं. मला ते फार बरं वाटलं होतं, रेणू."

मी सनीव्हेलची एक्झिट घेतली.

जानेवारीत तिला सेमारांगला पाठवायचं ठरलं. डिसेंबरातल्या त्सुनामीमुळे हॉलमध्ये इंडोनेशियातल्या आचे भागात पाठवायच्या मदतीच्या खोक्यांचे ढीग होते. त्या गडबडीतही तिथल्या लोकांनी तिकिटाची आणि बरोबर जाणाऱ्या बाईची सोय केली. विमानतळावर ताईंनी व्हीलचेअरवर तिच्या पायांवर शाल नीट खोवली, बरोबरच्या बाईला गोळ्यांच्या वेळा पुन्हा पुन्हा समजावल्या. रुमियातीच्या तोंडून तेव्हा एकच आवाज निघायचा, 'आ', आणि तो ती कशालाही वापरायची. आत नेताना तो आवाज तिने काढला. ताईंनी मला विचारलं, "माझ्याकडे बघून म्हणाली ना?" मी हो म्हटलं. खरं तर ती छताकडे बघत होती.

ती २००६च्या एप्रिलमध्ये गेली. दुसरा झटका. दारसोनोचं पत्र जूनमध्ये आलं, त्याच्या धाकट्या मुलाने इंग्रजीत लिहिलेलं. शेवटच्या वर्षभरात ती डाव्या हाताने जेवायला शिकली होती. अंगणात बसवलेलं तिला आवडायचं. सुस्तेरने केलेल्या सेवेबद्दल कुटुंब आभारी आहे. नोंदणीबद्दल, कचेरीबद्दल, त्या सल्ल्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

ताईंनी ते माझ्या स्वयंपाकघरात बसून कितीदा वाचलं असेल. "राग असता तर लिहिलं असतं. माफ केलं असतं तरी लिहिलं असतं. हे काय आहे मग?"

त्याच साली डॉ. ब्रँटचा संशोधन अहवाल छापून आला. मासुक आंगिनवर त्यात चांगलं दीड पान होतं. एका तक्त्यात लिहिलं होतं, संपर्क तुटलेले सहभागी : एक्क्याऐंशी. का तुटला, याचा परिच्छेद डॉ. ब्रँटनी लिहिला होता, पण छापणाऱ्यांनी तो विषयाबाहेरचा म्हणून काढला. त्यांनी ताईंना फोन करून हे सांगितलं आणि सॉरी म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच पडलेला होता. अहवालाच्या शेवटी आभारांत ताईंचं नाव होतं.

त्या पावसाळी हिवाळ्यात ताईंनी दारसोनोला उत्तर लिहायला घेतलं. चार कागद फाडले. पाचवा मला इंग्रजी तपासायला दिला. फार थोडं लिहिलं होतं. तुम्ही मला विचारलंत आणि मी जा म्हणाले. माझ्याजवळ माहिती नव्हती. तुम्ही गेला नसतात तर रुमियातींनी औषध सोडलं नसतं. मला हे तुम्हाला स्वतः सांगायचं होतं. मी फक्त स्पेलिंग दुरुस्त केलं. पोस्टात आम्ही दोघी गेलो.

२००७ साली त्यांचं ग्रीन कार्ड आलं. आता त्यांना नर्सिंगची परीक्षा देऊन नोकरी करता आली असती. हेमचंद्ररावांनी पुस्तकं आणून दिली, मीही मागे लागले. त्यांनी पुस्तकांना कव्हरं घातली, पण परीक्षा दिली नाही. शनिवारी मात्र त्या हॉलमध्ये जात राहिल्या. आता स्वतः ड्राइव्ह करत. संशोधन संपलं होतं, फॉर्म नव्हते. येतील त्या पाच-सहा म्हाताऱ्यांचं बीपी बघायच्या, आकडा तोंडी सांगायच्या.

मी २००८च्या मेमध्ये नोकरी बदलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलला निघाले. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा ताई डबा घेऊन खाली आल्या. मी विचारावं की नाही म्हणत विचारलंच, "सेमारांगहून काही आलं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पत्ता बरोबर होता. मी पोस्टात चौकशी केली." मग डब्याचं झाकण दाबून घट्ट बसवत म्हणाल्या, "पोळ्या आजच संपव, उद्या कडक होतील."