अश्विनीचं चावडीवाचन

"अश्विनीला सोडून बाकी सगळे वाचतील, सर," मी केंद्रप्रमुखांना म्हटलं. केंद्रप्रमुख म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. ते खुर्चीत बसले होते. मुलं चावडीसमोर रांगेत उभी होती आणि गाव जमलं होतं.

चावडीवाचन म्हणजे मुलानं गावासमोर धडा वाचायचा. वाचता येतं की नाही, ते तिथल्या तिथे जाहीर व्हायचं. कल्पना वाईट नव्हती. कळंबकडचं आमचं गाव, कापसानं रडवलेली वर्षं. आपलं पोर घडाघडा वाचतं हे पाहून आईबापांना तेवढंच बरं वाटायचं.

पण अश्विनीची गोष्ट वेगळी होती. चौथीतली पोरगी. फवारणी करताना तिच्या वडिलांना विषबाधा झाली, तेव्हा गाडीची वाट पाहत त्यांची खाट याच चावडीच्या ओट्यावर ठेवली होती. गाडी आली तोवर सगळं संपलं होतं. तेव्हापासून पोरगी मोठ्यानं बोलेनाशीच झाली. मी तिला दुपारी पहिलीच्या पोरांत बसवू लागले. त्यांना जवळ घेऊन ती हळू आवाजात अख्खी गोष्ट वाचायची, न अडखळता. आणखी काही महिने गेले असते तर आवाजही परत आला असता, असं मला वाटतं.

"तिला वाचता येतं सर, मी रोज ऐकते. फक्त इथे नको."

"मॅडम, तुम्ही ऐकलेलं तक्त्यात बसत नाही. दोन ओळी वाचायच्या, त्यात काय जीव जातो?"

अश्विनी उभी राहिली. पुस्तक उघडलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. कुणीतरी हसलं.

"वाचता येत नाही. पुढचा!" साहेब म्हणाले.

"येतं तिला!" मी ओरडले. तोवर पुढच्या मुलानं धडा सुरू केला होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली.

"मॅडम, पोरीचा दाखला द्या. भावाच्या गावी चाललो आमी, कापूस येचाले."

"अहो, पण तिची शाळा?"

"साऱ्या गावानं पाह्यलं ना. चौथीत येऊन बी वाचता येत नसन, तं कायले बसवू तिले?"

मी शपथेवर सांगितलं, तिला वाचता येतं. आईनं माझा हात धरला. "तुमी चांगल्या हाय, म्हून म्हणता."

अश्विनी दारात उभी होती. मान खाली. मी दाखला लिहून दिला.

पुढच्या फेरीत आमच्या सगळ्या मुलांनी धडा वाचून दाखवला. साहेबांनी गावासमोर माझं अभिनंदन केलं. न वाचणारं मूल शाळेत राहिलं तर निकाल खाली येतो, निघून गेलं तर वर जातो. हे गणित प्रशिक्षणात शिकवत नाहीत.