अक्काला बघायला वेड्यांच्या दवाखान्यात

मला झोप न्हाई. पोरगी तान्ही हाय, पण ती गुमान निजती. माझंच डोळं मिटलं की दवाखान्यातल्या बायका दिसतेत, एकीला एक लागून पडलेल्या. घरात कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं दुखणं बी बाळंतपणानंतर झोप गेल्यावरच सुरू झालतं. शाळा थोडीच झालीय, जसं बोलते तसं लिवायलेय. कुणाला आपलं माणूस बघायला तिकडं जायचं आसंल तर उपेगी पडंल.

अक्काला दवाखान्यात घातलं आण्णानं, आमच्या भावानं. सासरच्यांनी तिला आणून सोडली व्हती, लेकराला काही करंल म्हणून भ्याले व्हते. तवापास्नं कुणी बघाय गेलं न्हवतं. मी सासूच्या मागं लागले. सासू म्हणली, "चल. तुझ्या माह्यारचं येड तरी बघून येऊ."

माझं सासर-माह्यार दोन्ही मुडबीतच. मुडबीवरनं बैलगाडीनं कल्याणी, तिथनं मोटारीनं हुमनाबादवरनं बिदर. रस्ता खडीचा, धूळ लई. मोटारीत फुडं बसू नका, इंजनाची ऊब लेकराला सोसत न्हाई. हाली, म्हंजी निजामाचे पैसेच जवळ ठिवा. सासूनं इंग्रजी कलदार रुपया काढला तर मोटारवाला त्यो उलटापालटा करून बघतच बसला. भाकरी आन् शेंगाची चटणी बांधून न्या, दोन दिस टिकती. बिदरला रेल्वेत बसायचं. विकाराबादला गाडी लई येळ थांबती, तिथं पाणी भरून घ्या, मग थेट निजामाच्या शहरात उतरायचं.

डब्यात एक बाई इचारली, "कुठं जायलाव?"

"दवाखान्याला."

"कुणाला काय झालंय?"

सासू म्हणली, "हिच्या बहिणीला येड लागलंय."

बाईनं आपलं पोरगं उचलून पलीकडच्या मांडीवर घेतलं.

दवाखाना शहराच्या भाईर हाय. टांगेवाल्याला नाव सांगावं लागत न्हाई, बोचकी बघूनच त्यो कुठं जायचं ते वळखतो. मोठी भिंत, लोखंडी दार, आत निजामाच्या टायमाच्या लांब लांब बराकी. लेकरू आत सोडत न्हाईत. पोरीला घिऊन सासू दारातल्या लिंबाखाली बसली.

बायकांच्या बराकीत खाटा थोड्या, बायका लई. खाटंवर, खाटंखाली, मधल्या वाटंत, सगळीकडं चटया. डोकी भादरलेली, उवा व्हतेत म्हणून. लुगडी सगळ्यांची सारखी. नळ एक. आंघोळीला रांग, जेवायला रांग. पाय ठिवायला जागा बघत चालावं लागतंय. बऱ्या झालेल्या बी तिथंच हायत, न्यायला कुणी येत न्हाई म्हणून. त्यातलीच एक उदगीरकडची बाई मला म्हणली, "ऱ्हायला आलीस व्हय? ऐकून ठिव. हितं कूस बदलायची तर आधी शेजारणीला इचारावं लागतंय."

चार बायका हसल्या. मला हसू आलं न्हाई.

अक्का भिंतीला टेकून बसली व्हती. हाडं वर आलती. पोरीला दारात सासूजवळ ठिवून आले म्हणले, तवा म्हणली, "पोरगी झाली व्हय तुला? नाव काय ठिवलीस?" बोलणं शाण्या माणसाचं. आण्णाचं इचारली, आमच्या बापाच्या, आप्पाच्या ज्वारीचं इचारली. आपल्या लेकराचं इचारलं न्हाई.

आया म्हणली, "बातां अच्छे करती बेटी, खाना नक्को बोलती. चार जनियां पकडके पेज पिलाते."

मी धपाटं काढून दिले. अक्कानं ते मांडीवर ठिवलं, डावा तळहात फुडं धरला, डोळं मिटले आन् तशीच बसली.

"देखो," आया म्हणली, "रोज ऐसाच. भीक मांगती."

ती भीक न्हवती. आमच्यात गळ्यात दोऱ्याला महादेवाचं लिंग आसतंय. आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मग घास. अक्काच्या गळ्यात काहीच न्हवतं.

"तुझं लिंग कुठाय गं?"

"दोरा हाय म्हणून दारातच काढून घेतले. आण्णाच्या हातात दिले. त्याबिगर कसं जेवू? तूच सांग."

माझा हात माझ्या गळ्याकडं गेला. पण एकीचं लिंग दुसरीला चालत न्हाई. ते तिला बी ठावं, मला बी ठावं.

मी डागदराकडं गेले. दम लागलता, उर्दू धड येईना. तरी त्यांनी ऐकून घेतलं. म्हणले, दोरा चालत न्हाई, फास लावून घेतेत. नुसतं लिंग आयाजवळ ठिवा, जेवायच्या टायमाला देऊ. जेवाय लागली की सोडू. पण ज्यानं सही केली त्यानंच न्यायचं. माझी सही चालणार न्हाई.

निघताना अक्का म्हणली, "आण्णाला वरडू नको. त्यानं जपूनच ठिवलं आसंल." खरं हाय. मागं आला तवा मला म्हणला व्हता, सोलापूरच्या खोलीत देव्हाऱ्यात ठिवलंय, रोज फूल वाहतो.

दारात पोरीला मी घेतलं, तवर सासू बी आत जाऊन अक्काला बघून आली. येताना विकाराबादला तिनं पोरीला माझ्याकडं दिलं आन् म्हणली, "लई वाळलीय गं तुझी अक्का." घरी आल्यावर पयल्या जेवणाला मी लिंग तळहातावर घेतलं, आन् घास काही उतरंना.

आण्णाला टपाल घातलंय. पण त्याला सहीपुरतं नाव लिवता येतंय, वाचता येत न्हाई, आन् दवाखान्याचं हाय म्हणून दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची त्याला लाज वाटती. त्यो सोलापुरात आडतीवर हमाल हाय, तिथं सेठजीचा फोन हाय. मुडबीत फोन न्हाई. तुमच्यातल्या कुणाच्या दुकानात, कापसाच्या जिनात फोन आसंल तर सोलापूरच्या आडतीवर लावा, मुडबीचा शिवराज कोण म्हणून इचारा, त्योच आमचा आण्णा. म्हणावं, अक्का शाणी हाय, लिंगासाठी उपाशी हाय. देव्हाऱ्यातलं लिंग घिऊन तूच जा, तुझ्याच सहीनं सुटंल.

मला झोप न्हाई, तेवढं मातर त्याला सांगू नका.