आधी ऐकू, मग ठरवू

उमरीहून फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी चिंच फोडत बसले होते. बोटे आंबूस, चिकट झालेली. फोन कसाबसा कानाशी धरला. "मावशी गेली," धुरपतामावशींची सून रंजना एवढेच म्हणाली. मागे तिच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. त्याला आता दीड महिना होईल.

धुरपतामावशी उमरीजवळच्या एका गावात, बौद्ध वस्तीत राहत. त्या परिसरातल्या स्त्रियांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम एका संस्थेसाठी मी करत होते. त्या ध्वनिमुद्रणांचे प्रदर्शन पुढे नांदेडला भरायचे होते. पहिल्या दिवशी मी रेकॉर्डर पुढे ठेवला आणि संमतीच्या सहीसाठी कागद काढला. मावशींनी ते यंत्र उचलून, खरबूज पिकले की नाही पाहावे तसे, नाकाशी नेले.

"ह्याच्यात गेलेलं परत बाहीर येतंय का?"

"येतं ना."

"मग आधी आमाला ऐकव. सही मागून. न ऐकता कशावर करू, तुझ्या तोंडाकडं बघून?"

भोवती जमलेल्या वस्तीतल्या बायका खळखळून हसल्या. त्या हसण्यातून एक रीत पडली. पौर्णिमेला वंदना झाली की विहारात साऱ्या थांबत. उदबत्तीचा धूर खिडकीच्या उजेडात रेंगाळत असे आणि मी त्या महिन्याचे ध्वनिमुद्रण लावत असे. जिला काही खटकेल तिने हात वर करायचा. तिथे थांबायचे, बोलायचे. ठेवायचे की काढायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. माझे मत तिथे इतर कुणाच्याही मताएवढेच. संस्थेतल्यांना हे फार संथ वाटे. एखादे लखलखीत वाक्य डोळ्यांदेखत पुसले जाताना माझाही जीव हळहळे. मावशींच्या ते लगेच ध्यानात येई. "तोंड पाडू नको बाई. आमचंच हाय ते, कुटं पळून चाल्लं न्हाई."

मग त्यांची स्वतःची आठवण ऐकायची पाळी आली. त्या नवी नवरी असताना वस्तीने मेलेली ढोरे ओढायला नकार दिला होता आणि गावाने वस्तीचा किराणा, दळण, मजुरी सारे बंद केले होते. त्या दिवसांत गावातल्या दुकानदाराची बायको, गुरम्माअक्का, नवऱ्याच्या चोरून मागच्या भिंतीवरून मीठ देई. ध्वनिमुद्रणात ते नाव आले मात्र, मावशींनी स्वतःच हात वर केला.

"अक्का हाय आजून. अहमदपूरला लेकाकडं. तिला कुनी इचारलं?"

"नाव काढा की मग," कुणीतरी म्हणाले. "एक बाई म्हना."

"एक बाई म्हनलं की आख्खं गाव म्हनंल, मीठ देनारी ती आमचीच माय."

पुन्हा हशा झाला. पण पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी एसटीने अहमदपूरला गेलो. समोर दुकान, मागे घर. गूळ आणि हळदीच्या वासातून वाट काढत आत गेलो, तर कपाळावर विभूती ल्यालेली गुरम्माअक्का पलंगावर बसली होती. मावशींनी येण्याचे कारण सांगितले. लेक दारातच उभा होता. "मावशी, गावात आमची सोयरीक हाय," तो सौम्यपणे म्हणाला, "जुनं कशाला उकरायलाव?" अक्काने त्याच्याकडे पाहिले, मग खाली. "नको गं धुरपता."

मावशींनी एका शब्दानेही आग्रह केला नाही. चहा घेतला, नातवंडांची चौकशी केली आणि उठल्या. परतीच्या एसटीत म्हणाल्या, "तिचं नाव तिचं हाय. पर बाई, आपुन नुसतं इचारलं. ऐकवलंच न्हाई."

नांदेडचे प्रदर्शन त्यांच्या त्या आठवणीवाचून झाले.

त्या गेल्यावर संस्थेतून विचारणा आली: श्रद्धांजली म्हणून ते ध्वनिमुद्रण आता ऐकवावे, हरकत घ्यायला तर कुणी उरले नाही. ध्वनिमुद्रण माझ्याजवळ होते. एक कळ दाबली की काम झाले असते. मी ते पौर्णिमेला विहारात नेले. रंजनाने संस्थेचे म्हणणे ऐकून घेतले. "मावशी गेली. अक्का हाय की," असे म्हणून तिने तिथूनच अहमदपूरला फोन लावून अक्काला विचारले.

पलीकडून थकलेला आवाज आला. "तवा मला ऐकवलं न्हाई तुमी. ऐकवा आधी."

मी ध्वनिमुद्रण लावले, रंजनाने फोन स्पीकरशी टेकवला. मावशी बोलू लागल्या... अळणी भाकरी, बंद पडलेली गिरणी, सासूचा धाक. "गुरम्माअक्कानं भितीवरून पुडा दिला. तिचा हात लटलट कापत हुता. म्या पुडा ऱ्हाऊ दिला, आधी हातच धरला तिचा."

मी थांबवले.

"माजं नाव ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाली. "लेकाला मी सांगते." मग, "हात धरला म्हन्ती न्हवं... तिथून परत लावा."