चूक काढणाऱ्यांसाठी संत्री

“पण हिनं केलंय काय? हिचं नाव पहिलं आणि सरांचं शेवटी!”

स्टाफरूमच्या दारात मी डबा घेऊन तशीच थांबले. आत केमिस्ट्रीच्या मॅडम कॉलेजच्या वार्षिक अहवालासाठी सगळ्यांचे रिसर्च पेपर, तयार होत असलेलेसुद्धा, गोळा करत होत्या. त्यांच्या विषयात ज्याचं काम जास्त, त्याचं नाव आधी.

“गणितात आडनावाच्या अक्षरानं रांग लागते, मॅडम,” सर म्हणाले. “शाळेच्या हजेरीसारखी. ती आपटे, मी शेवटच्या बाकावरचा.”

“सर, तुम्ही पण ना, फार भोळे!”

मी व्हरांड्यात जाऊन जेवले.

सर नंबर थिअरीतले. निवृत्तीला आलेले, आणि मी विभागात नवी. खांदेश्वरहून ते रोज वेळेवर येत. एखाद्याच दिवशी उशीर होई. त्या दिवशी ते आधी वाशीच्या एपीएमसी फळबाजारात गेलेले असत आणि रिक्षातून संत्र्यांची पेटी घेऊन उतरत. पहिल्यांदा मला वाटलं, वाढदिवस असेल.

“नाही गं. माझी चूक सापडली,” ते खुशीत म्हणाले. “हंगेरीतल्या एकानं काढली. घे, गोड आहेत.”

तुमच्याही ओळखीत आपल्या कामाचं कौतुक गोळा करणारी माणसं असतील. सरांचं उलटं होतं. कुणी त्यांच्या पेपरचा संदर्भ दिला, की ते तो नवा पेपर उघडून बघत. नुसतंच नाव टाकलेलं असलं तर म्हणत, “हजेरी लावून गेला.” पण कुणी खरंच आत शिरलेलं दिसलं, की खुर्चीतून उठत. “वाचलंय गं यानं!”

त्यांच्या ज्या पेपरला सगळ्यात जास्त संदर्भ मिळाले, त्यात एक पायरी चुकलेली होती. नंतरचा प्रत्येक जण ती दुरुस्त करून पुढे गेला. हे सर पाहुण्यांना आपणहून सांगत. ती चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्या पोलंडच्या बाईंबरोबर त्यांनी पुढे कितीतरी वर्षं काम केलं. “माझे सगळे सहलेखक मला चुकांनी मिळवून दिले,” ते म्हणायचे.

आमच्या पेपरात मुख्य कल्पना त्यांची होती. मी फक्त कॉम्प्युटरवर उदाहरणं तपासली होती. त्यामुळे मॅडमचा प्रश्न मला खोटा वाटला नाही. मी काय केलं होतं?

मग पेपर टाइप करताना मी एका पायरीवर अडले. सरांनी तिथे दोननं भागलं होतं. बाकी सगळ्या मूळ संख्यांना ते चालतं, नेमकं दोनला चालत नाही. “दोनला विसरायचं नाही,” हे वर्गात सरच बजावत. आणि सरच विसरले होते. मी घरी बसून ती जागा बुजवली. पण सांगायचं कसं? पेपर शुक्रवारी, त्यांच्या निरोपाच्या सेमिनारनंतर लगेच जर्नलकडे जायचा होता.

गुरुवारी त्यांच्या दाराशी गेले.

“काही म्हणायचंय?”

“खडू आणून ठेवू का, सर?”

“आण की.”

आता सर मुलीकडे पुण्याला असतात. त्यांच्या केबिनमध्ये प्रिंटर ठेवलाय आणि बरेच दिवस कुणी संत्री आणलेली नाहीत. मला मात्र ते आठवतात त्या शुक्रवारचे, बाहीला खडू लागलेले. केमिस्ट्रीच्या मॅडम पुष्पगुच्छ घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सर फळ्यावर आमच्या पेपरातली एकेक पायरी लिहीत आणि दर पायरीला मागे वळून विचारत, “यावर कुणाला काही?” सवयच ती. आजवर कुणी काही बोललेलं नव्हतं.

दोननं भागून झालं. सर वळले. “यावर कुणाला काही?”

माझा हात वर गेला होता.

“सर, मूळ संख्या दोन असेल तर ही पायरी चालत नाही.”

ते फळ्याकडे बघत राहिले. मॅडमनी पुष्पगुच्छ मांडीवर ठेवला आणि मागे वळल्या. मग सरांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

“वाचलंय हो हिनं!” ते मॅडमना म्हणाले. मग खडू माझ्यापुढे धरला. “आता काय करायचं, आपटे?”

“दोनसाठी वेगळी सिद्धता लागेल, सर,” मी म्हणाले. “ती मी केलीय.”